२५ सिगारची पेटी, पुण्याचे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेव्हण्यांनी दुबई विमानतळावरून क्यूबन सिगारची २५ची पेटी आणून दिली आहे. तुम्ही महिन्याला फार तर एक ओढणार. घर कोथरूडला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एसी फक्त बेडरूममध्ये आणि तोही रात्रीपुरता. काचेच्या झाकणाचा एक लाकडी ह्युमिडॉर (आतली आर्द्रता राखणारी सिगारची पेटी) तुम्ही ऑनलाइन हेरून ठेवला आहे, तो घ्यावा का? तोवर पेटी फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल का? आणि दोन सिगारवर पांढरट ठिपके दिसतायत, ते फेकून द्यावेत का?

ह्युमिडॉर नको. फ्रिज नको. ठिपक्यांचं उत्तर ते ठिपके कुठे आहेत त्यावर अवलंबून आहे. पण एवढंच लिहून थांबलो तर येत्या मे महिन्यात तुम्ही नवा प्रश्न घेऊन याल, म्हणून जरा बैजवार लिहितो. मुंबईतल्या एका हॉटेलच्या लाउंजमधला ह्युमिडॉर मी बरीच वर्षं सांभाळला, आता काही मंडळींच्या घरचे साठे बघतो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते आपल्याकडच्या हवेत वापरून पाहिलेलं आहे.

आधी साधा हिशेब करू. महिन्याला एक या दराने २५ सिगार दोन वर्षं पुरतात. (दर वाढवू नका, उत्तम राखलेली तंबाखूसुद्धा तंबाखूच असते.) दोन वर्षं म्हणजे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८०च्या वर जाऊन बसते. त्यात तुमचा वरचा मजला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता घरात सोडतो, तेव्हा मे महिन्यात तुमच्या हॉलमध्ये रात्री दहालाही ३२-३३ अंश असणार. तेव्हा डबा कुठला घ्यायचा हा प्रश्न दुय्यम आहे. उन्हाळ्यात कोरडं, पावसाळ्यात दमट आणि चार महिने गरम अशा घरात २५ सिगार दोन वर्षं कसे टिकवायचे, हे सोडवायचं आहे.

नेटवर वाचाल तो बहुतेक सल्ला थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेला असतो. त्यांच्याकडे हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा खडखडीत कोरडी होते, म्हणून त्यांची सगळी धडपड सिगारला ओलावा देण्याची. ह्युमिडॉरच्या झाकणाला चिकटवलेला तो स्पंज किंवा हिरवा फोम त्याच धडपडीतून आला. त्यांचा '७०-७०' नावाचा जुना नियमही तुम्ही वाचला असेल: ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश. हे अंश फॅरनहाइटमधले आहेत, म्हणजे आपले २१ सेल्सियस. पुण्यात एसी न लावता घरात २१ अंश म्हणजे डिसेंबर-जानेवारीचे थोडे दिवस. आपल्याकडे त्यांच्याइतका कोरडेपणा वर्षातून तीनेक महिने असतो. बाकीच्या काळात दमटपणा आणि उष्णता हेच शत्रू. त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलला की तिथेच गडबड होते.

सिगार म्हणजे नुसती पानं. आत भरणा, त्याला धरून ठेवणारं एक पान आणि वरून दिसतं ते रॅपर. सिगारेटसारखा कागद नाही, म्हणून हवेतला ओलावा तो सरळ आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो, फक्त सावकाश. कोरडा पडला की रॅपर तडकतं, सिगार भराभर जळतो, धूर गरम आणि तिखट लागतो. सादळला की ओढ जड होते, एकाच बाजूने जळत जातो, चार झुरक्यांत विझतो. आर्द्रता ७५च्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. या दोहोंच्या मधली ६२ ते ७० टक्के ही पट्टी सुरक्षित. क्यूबन सिगार त्यातही खालच्या बाजूला चांगले जळतात. तुमच्यासाठी मी ६५ धरेन. त्यातून बुरशीच्या हद्दीपासून दहा टक्क्यांचं अंतर मिळतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते अंतर लागतं.

हे ६५ राखायचं कसं? स्पंज किंवा फोम फक्त पाणी देतो, घेत नाही. उन्हाळ्यात तो चालून जाईल. जुलैमध्ये तोच आत बसून ओलावा ओतत राहील आणि तुम्हाला वाटेल आपण काळजी घेतोय. सिलिका जेलची पुडी याच्या उलट, ती नुसतं शोषते. तुम्हाला हवं ते दोन्ही करणारं पाकीट. बोव्हेडाची पाकिटं सगळ्यात सहज मिळतात, इतर कंपन्यांचीही असतात. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं आणि बाहेरचा पापुद्रा वाफ जाऊ देतो, पाणी जाऊ देत नाही. हवा ठरलेल्या टक्क्यापेक्षा कोरडी झाली की पाकीट वाफ सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. आकडा पाकिटावर छापलेला असतो, ६२, ६५, ६९, ७२ असा. तुम्ही ६५ची, ६० ग्रॅमवाली घ्या. २५ सिगारला एक पुरतं असं कंपनी सांगते. मी आपल्या हवेत दोन टाकतो, म्हणजे कुठल्याच ऋतूत पाकिटावर ताण येत नाही. पाकीट हाताला कडक, खडे झाल्यासारखं लागलं की संपलं. पावसाळ्यात ते फुगून लिबलिबीत झालं तर समजा, डब्यात बाहेरची हवा शिरतेय आणि पाकीट ती पीत बसलंय. तेव्हा पाकीट बदलून भागणार नाही, झाकण तपासा.

आता डबा. चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणाला रबरी पट्टी असलेला, जेवण ठेवायचा हवाबंद प्लास्टिकचा डबा. एवढंच. आकार असा बघा की सिगारची मूळ पेटी जशीच्या तशी आत मावेल आणि फार पोकळी उरणार नाही. डबा नवा कोरा आणा. लोणच्याचा, मसाल्याचा, कॉफीचा डबा कितीही घासला तरी वास जात नाही, आणि तंबाखू वास पिते. नव्या प्लास्टिकलाही वास असतो. धुऊन, झाकण उघडं ठेवून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून आठवडाभर ठेवा. नाक आत घालून काहीच आलं नाही की डबा तयार. घरातले स्टीलचे डबे मात्र यासाठी वापरू नका. त्यांची झाकणं घट्ट वाटतात पण हवाबंद नसतात, आणि थंडीच्या रात्री पत्र्याला आतून दव धरतं.

लाकडी ह्युमिडॉर मी का टाळायला सांगतोय? चांगला असेल तर तो सुंदरच असतो, लाउंजमध्ये माझं आयुष्य त्यातच गेलं. पण तिथे एसी चोवीस तास चालायचा. तुमच्या घरी एप्रिलमध्ये लाकूड आक्रसणार, झाकणाच्या सांध्यातून हवा खेळणार. जुलैत तेच लाकूड फुगून झाकण बसेनासं होणार. शिवाय नवा ह्युमिडॉर आणल्या आणल्या वापरता येत नाही. आतलं लाकूड आधी ओलावा पिऊन घेतं, त्याला ८४ टक्क्यांचं पाकीट आत ठेवून दोन आठवडे मुरवावं लागतं, नाहीतर ते तुमच्या सिगारमधलंच पाणी ओढतं. काचेच्या झाकणाचा आणखी गैरसोयीचा, कारण काच आणि लाकूड यांच्या सांध्यातून हवा जाते आणि उजेड रॅपरचा रंग उडवतो. पुढेमागे कधी घ्यावासा वाटलाच तर बिनकाचेचा घ्या.

काचेवरून आठवलं. क्यूबन सिगारची मूळ पेटीच काचेच्या झाकणाची असेल तर माल बनावट आहे. क्यूबाची हबानोस कंपनी अशा पेट्या काढतच नाही. तुमची पेटी विमानतळावरच्या दुकानातली आहे, तेव्हा बहुधा काळजी नाही. तरी उलटी करून तळ बघा: कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि खाली स्पॅनिश महिन्याचं संक्षिप्त रूप व वर्षाचे दोन आकडे असतात. ईएनई म्हणजे जानेवारी, एजीओ म्हणजे ऑगस्ट. सिगार पेटीत कधी भरले ते त्यावरून कळतं.

स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाची फळी आत हवीच का, असं काही जण विचारतात. तुमच्या पेटीत सिगारच्या दोन थरांमध्ये सीडरचा पातळ पत्रा आधीच असतो, तेवढा पुरे. सुताराकडून फळी करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. नावात सीडर असलं तरी ते महोगनीच्या कुळातलं झाड, सेड्रेला ओडोराटा. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं लाकूड तुणीचं. लाकडाच्या वखारीत 'सीडर' मागितलं तर हातात देवदार पडेल, आणि देवदाराचा तेलकट उग्र वास सिगारमध्ये बसला की जात नाही.

डब्यात आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र ठेवा, ते स्वस्तात मिळतं. मात्र ते खरं सांगतंय का हे आधी ताडून बघा, कारण स्वस्तातली यंत्रं पाचपाच टक्के इकडेतिकडे दाखवतात; ह्युमिडॉरवर बसवलेल्या गोल काट्याच्या घड्याळांबद्दल तर बोलायलाच नको. ताडून बघायचं साधन स्वयंपाकघरातच आहे. पाण्याच्या बाटलीचं बूच घ्या, त्यात चमचाभर साधं मीठ टाका आणि थेंबाथेंबाने इतकंच पाणी घाला की मीठ ओल्या वाळूसारखं होईल. वर पाणी तरंगता कामा नये. तरंगलं तर आणखी मीठ टाका. बूच आणि यंत्र शेजारी शेजारी एका झिपच्या पिशवीत ठेवा, थोडी हवा राहू द्या आणि बंद करून रात्रभर न हलवता सोडा. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणच आहे. सकाळी पिशवी न उघडता आकडा वाचा. ७१ दिसला तर तुमचं यंत्र चार टक्के कमी दाखवतं, त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून '+४' लिहून ठेवा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, हे पुन्हा करा.

आता तापमान. सगळ्यांचं लक्ष आर्द्रतेकडे असतं, पण आपल्याकडे लोकांच्या पेट्या मी बहुतेक वेळा उष्णतेने गेलेल्या बघतो. कारण किडा. लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने नावाचा, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पाठीत वाकलेला भुंगा. तो तुम्हाला अगदीच अनोळखी नाही: डब्यातल्या जुन्या हळकुंडांना, सुंठीला, धण्यांना बारीक भोकं पाडतो तोच हा. त्याची अंडी तंबाखूच्या पानाबरोबरच येऊ शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत. २० अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. २४च्या वर गेलं की धोका सुरू होतो. ३०च्या आसपास अंड्यापासून उडत्या भुंग्यापर्यंतचा सगळा प्रवास महिनाभरात उरकतो. तुमच्या हॉलमधलं मे महिन्याचं तापमान हेच. अळी आतून पानं खात फिरते आणि भुंगा टाचणीच्या डोक्याएवढं स्वच्छ गोल भोक पाडून बाहेर येतो.

ओळखायचं कसं ते सांगतो. पांढरा कागद पसरा, सिगार त्यावर उभा धरा, पेटवायचं टोक खाली, आणि बोटाने वरून हलकेच टिचकी मारा. तंबाखूचे दोनचार तुकडे पडणं नेहमीचं. पण पिठासारखी मऊ तपकिरी भुकटी पडली तर सिगार उजेडात फिरवून भोक शोधा, सापडेलच. एकाला भोक म्हणजे अख्ख्या पेटीवर संशय. भोकवाला सिगार बंद पिशवीत घालून घराबाहेर, आणि उरलेले, पुढे सांगतो त्या पद्धतीने, फ्रीझरमध्ये.

हबानोस कंपनी गेली बरीच वर्षं माल निर्यातीआधी गोठवते, त्यामुळे पेटी अस्सल असेल तर किड्याची शक्यता कमी. तरीही ज्याच्या घरात चोवीस तास एसी नाही, त्याला मी पेटी आल्यावर एकदा घरी गोठवायला सांगतो. सिगार फार ओले असताना गोठवले तर रॅपर फुटू शकतं, म्हणून आधी आठ-दहा दिवस ६५च्या पाकिटाबरोबर डब्यात स्थिर होऊ द्या. मग पाकीट बाहेर काढा, पेटी एका जाड झिपच्या पिशवीत घाला, शक्य तेवढी हवा दाबून काढा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात, मग चार दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. पायरीपायरीने जायचं कारण रॅपर आणि आतला भरणा एकाच वेगाने आक्रसले-पसरले पाहिजेत. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. थंड सिगारवर कोथरूडची हवा लागली की मिनिटभरात दव धरेल. मी ती संध्याकाळी बाहेर काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो.

इथे तुमचा फ्रिज कुठला यावर बरंच ठरतं. दोन दारांच्या फ्रिजचा वेगळा फ्रीझर उणे १८ ते उणे २० पर्यंत जातो, तो चालेल. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड राहीलच याची खात्री नसते, आणि वीज गेली की आणखी वर येतो. तसा असेल तर नातेवाईक-मित्रांपैकी कोणाचा मोठा फ्रीझर आठवडाभर मागून घ्या.

गोठवण्यासाठी फ्रिज चालतो, मग साठवायला का नाही? गोठवताना सिगार दोन पिशव्यांत आणि मोजून सहा दिवस असतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा सतत कोरडी करत असतो, आणि त्यात लसूण, कोथिंबीर, सुक्या बोंबलाचा डबा असं काय काय असतं. दार दिवसातून वीस वेळा उघडतं. दोन वर्षं त्यात ठेवलेल्या सिगारची चव काय होईल ती तुम्हीच ठरवा.

डबा घरात कुठे ठेवायचा हा तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. माळा बाद, तो स्लॅबला चिकटून असतो आणि मे महिन्यात घरातली सगळ्यात गरम जागा तीच. फ्रिजच्या वर बाद, तिथे मोटारीची ऊब. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट बाद. उरतं बेडरूममधल्या आतल्या भिंतीचं कपाट, सगळ्यात खालचा कप्पा. रात्री एसी चालतो त्याचा थोडा फायदा मिळतो. पण रोज रात्री २४ आणि दुपारी ३३ असा झोका सिगारला सोसवत नाही: ३० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा २४ अंशांना आली की दव धरायच्या बेतात येते. म्हणून हवाबंद डबा एका थर्माकोलच्या खोक्यात किंवा सहलीला नेतो तशा छोट्या आइसबॉक्समध्ये ठेवा आणि तो कप्प्यात मागे, कपड्यांच्या चळतीआड सरकवा. मग बाहेर कितीही झोके बसले तरी आत तापमान सावकाश, दोन-तीन अंशांच्या आतबाहेर फिरतं. एसीच्या झोतासमोर ठेवू नका. आणि त्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आजच काढा. कपड्यांना कीड लागू नये म्हणून आपण त्या टाकतो आणि विसरतो. त्यांच्या वासाने वाया गेलेल्या पेट्या मला डबा उघडल्याबरोबर कळतात. देवघर त्याच खोलीत असेल तर कापूर-उदबत्तीचंही तेच. घरात लहान मुलं असतील तर खालच्या कप्प्याला कुलूप लावा.

एवढं करूनही मे महिन्यात डब्याच्या आत २८-२९ अंश असतील. असू द्यात. एकदा नीट गोठवलेले सिगार एवढ्या उष्णतेने बिघडत नाहीत, फार तर जरा लवकर मुरतात. २५ सिगारसाठी वेगळं थंड कपाट घेणं मला पटत नाही. साठा शंभरच्या पुढे गेला तर विचार करा, आणि तेव्हा वाइनसाठीचा छोटा थर्मोइलेक्ट्रिक कूलर घेताना एक लक्षात ठेवा की तो खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच थंड करू शकतो. खोलीत ३५ असताना त्याच्याकडून १८ची अपेक्षा धरू नये.

पावसाळ्यातली वागणूक वेगळी. एरवी पंधरा दिवसांनी डबा मिनिटभर उघडून आतली हवा बदलावी, सिगारवर नजर टाकावी. जून ते सप्टेंबर हे काम एसी तासभर चालल्यावर, बेडरूममध्येच करा. खिडकीशी उभं राहून पावसाकडे बघत डबा उघडा ठेवलात की पाकिटांचं महिन्याभराचं काम वाढलं. ओढायचा सिगार आदल्या रात्री बाहेर काढून एखाद्या रिकाम्या लाकडी पेटीत एसीच्या खोलीत ठेवा. तिथली हवा ५०-५५ टक्क्यांची असते, रात्रभरात वरचा ओलावा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सिगार सरळ जळतो. पेटवण्याआधी अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. दबून परत वर आला तर बरोबर. चुर्र आवाज आला तर कोरडा आहे. दबलेला खळगा तसाच राहिला तर आणखी एक रात्र थांबा.

यातलं काही तुमच्या पुण्यापुरतंच आहे, हेही सांगतो. हेच मला रत्नागिरी, पणजी किंवा अलिबागच्या माणसाने विचारलं असतं तर मी ६२चं पाकीट सांगितलं असतं आणि उन्हाळ्याची चिंता निम्मी केली असती. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला ६९ चालेल, पण तिथे मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीत डबा ठेवायचा नाही, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास सगळीकडे जातो. आणि तुमचे मेव्हणे दुबईत चोवीस तास एसीच्या घरात राहत असतील, तर त्यांना तो लाकडी ह्युमिडॉर खुशाल घेऊ द्या, त्यांच्याकडे चालेल.

शेवटी ते पांढरे ठिपके. काही शौकीन याला 'प्लूम' म्हणतात, सिगारमधलं तेल वर येऊन त्याचे स्फटिक झाले, सिगार उत्तम मुरल्याची खूण, वगैरे. माझ्यासमोर आलेले जवळजवळ सगळे पांढरे ठिपके बुरशीचे निघाले आहेत, तेव्हा बुरशीच समजून चला. ठिपके फक्त रॅपरवर असतील, कोरड्या मऊ कापडाने पुसले जात असतील आणि खाली डाग राहत नसेल, तर पुसा, ते दोन सिगार तीन आठवडे वेगळ्या डब्यात ६२च्या पाकिटाबरोबर ठेवा आणि पुन्हा येतात का बघा. नाही आले तर परत घरात घ्या. पण पेटवायच्या टोकाकडे, आतल्या भरण्यावर पांढरं दिसत असेल किंवा कुठेही हिरवट-निळसर केसाळ पुंजका असेल, तर तो सिगार ओढायचा नाही. टाकून द्या, आणि पेटीतला तो सीडरचा पत्राही बदला. ठरत नसेल तर दिवसाच्या उजेडात तिन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा. टोकाचा फोटो सरळ समोरून हवा, आणि सोबत पेटीच्या तळाच्या शिक्क्याचाही एक.